पोराचा कान दुखतोय की दाढ, आणि अँटिबायोटिक लगेच द्यायचं की थांबायचं?

लहान मूल कान धरून रडायला लागलं की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात, एक म्हणजे हे कानाचंच आहे का दाताचं, आणि दुसरा म्हणजे डॉक्टरांकडून आत्ताच अँटिबायोटिक आणायचं की एक-दोन दिवस बघायचं. दोन्ही नीट समोरासमोर ठेवून लिहिते, कारण पहिल्याचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचं हमखास चुकतं.

आधी हे लक्षात घ्या की कानाला हात गेला म्हणजे दुखणं कानातच असेल असं नाही. खालच्या दाढांकडे आणि कानाकडे जाणाऱ्या नसा एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत, घशाचंही तसंच, त्यामुळे किडलेली दाढ किंवा सुजलेले टॉन्सिल्स कानात ठणकतात. मोठ्या माणसालासुद्धा फसवतं हे, दीड वर्षाचं बाळ काय सांगणार, ते आपलं कान ओढत बसतं.

कानाचं असेल तर त्याच्या आधी बहुतेक वेळा सर्दी असते. तीन-चार दिवस नाक गळतं, जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत रात्री ताप चढतो आणि बाळ आडवं केलं की जास्त रडतं, खांद्यावर उभं धरलं की थोडं शांत होतं, दूध ओढता ओढता मध्येच सोडून किंचाळतं. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी नळी लहानपणी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, सर्दीने ती सुजून बंद झाली की आत पाणी साठतं आणि त्यात जंतू वाढतात. सगळ्यात जास्त त्रास ६ महिने ते २ वर्षं या वयात.

तोंडाचं असेल तर बहुतेक वेळा सर्दी नसते. मूल एकाच बाजूने खातं, गार-गोड लागलं की ओरडतं, हिरडीवर पुळी दिसते किंवा गाल सुजतो. दात येत असतील तर लाळ गळते, हिरडी फुगते, हाताला लागेल ते चावत सुटतं, अंग थोडं कोमट लागेल एखाद्या वेळी, पण १०२ ताप दात येण्याने येत नाही. "दाताचा ताप आहे, उतरेल" म्हणून आठवडा काढणारी घरं खूप आहेत आणि तेवढ्या वेळात कान फुटून वाहायला लागतो, म्हणून हे जोर देऊन सांगते. सव्वा-दीड वर्षाच्या आसपास पहिल्या दाढा आणि दोन ते पावणेतीनच्या दरम्यान दुसऱ्या. आणि सहाव्या वर्षी एकही दात न पडता अगदी मागे जी दाढ येते ती कायमची असते बरं का, पुष्कळ लोक तिला दुधाची समजून किडू देतात. तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ असेल तर हँड फूट माउथ असू शकतं, ते व्हायरल, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. कानाच्या पाळीखाली जबड्याजवळ सूज म्हणजे गालगुंडही असू शकतं.

घरी करून बघण्यासारखं एकच, कानाच्या भोकासमोर जो छोटा कडक उंचवटा असतो तो हलकेच दाबा. त्याने मूल कळवळलं तर बाहेरच्या नळीला इन्फेक्शन असण्याची शक्यता जास्त, पोहून आल्यावर किंवा काडी घातल्यावर होतं तसं. मधल्या कानाच्या दुखण्यात दाबून सहसा फरक पडत नाही. मग मोबाईलचा टॉर्च लावून हिरड्या आणि दाढा बघा. पण कानाचा पडदा लाल होऊन फुगलाय का हे यंत्र लावूनच कळतं, म्हणून आधी बालरोगतज्ज्ञ किंवा कानाचे डॉक्टर, आणि कान साफ निघाला तर सरळ डेंटिस्ट. कान न बघता कोणी नुसतं ऐकून औषध लिहून दिलं तर "जरा कानात बघता का" असं बिनधास्त म्हणा.

आता दुसरा प्रश्न. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं साधारण अशी आहेत: ताप १०२.२ किंवा वर, खूप ठणका, दुखणं ४८ तासांच्या वर गेलंय किंवा कान वाहतोय, तर अँटिबायोटिक सुरू करायचं. २ वर्षांच्या आतलं बाळ आणि दोन्ही कान असतील तरीही. बाकी सौम्य दुखण्यात, मूल सहा महिन्यांच्या वरचं असेल तर, ४८ ते ७२ तास थांबून बघता येतं, पुष्कळ मुलं आपोआप बरी होतात. औषध दिलं तरी पहिल्या २४ तासात दुखणं फारसं कमी होत नाही, आणि जुलाब, पुरळ मात्र होऊ शकतात. माझं मत विचाराल तर मूल दोनच्या वरचं, खेळतंय, एकच कान, डॉक्टर जवळ आहेत, तर थांबावं. पण दवाखाना लांब असेल, डॉक्टर बाजाराच्या दिवशीच येत असतील, तर चिठ्ठी आधीच लिहून घ्या आणि कधी सुरू करायचं तेही विचारून घ्या. सुरू केलं की कोर्स पूर्ण, लहानांना बहुतेक १० दिवस, मोठ्यांना ५ ते ७. मागच्या वेळची उरलेली बाटली अजिबात नको, पाणी घालून बनवलेलं सिरप थोड्याच दिवसात निकामी होतं.

थांबा किंवा अँटिबायोटिक द्या, दुखण्याचं औषध दोन्हीत लागतंच, मुलाला रात्रभर ठणकत ठेवायचं काही कारण नाही. पॅरासिटामॉल किलोला १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे १० किलोच्या बाळाला १०० ते १५० मिग्रॅ एका वेळी, दोन डोसमध्ये निदान ४ ते ६ तास, दिवसात चारदाच. बाटली नीट वाचा, कारण बऱ्याच सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा २५० मिग्रॅ असतं आणि ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १००. ड्रॉप्सची बाटली सिरप समजून चमचाभर पाजली तर ५०० मिग्रॅ गेलं पोटात. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन हे दुसरं दुखण्या-तापाचं औषध नको, ॲस्पिरिन तर मुलांना नकोच.

लसूण घालून कोमट केलेलं तेल कानात सोडू नका, आजीला वाईट वाटलं तरी. पडद्याला भोक पडलं असेल तर ते थेट आत जातं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या हिरडीला बधिर करणारं बेंझोकेनचं जेलही नको, त्याने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होऊ शकते.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, मान ताठ झाली, चेहरा वाकडा झाला, मूल सुस्त पडलं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला, तर थांबायचा प्रश्नच नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल.

झोपवून बाटलीने दूध पाजण्याची सवय कान आणि दात दोन्हीच्या मुळावर येते, तेवढी एक मोडली तरी खूप. कान पिकवणाऱ्या एका नेहमीच्या जंतूवरची, न्यूमोकोकलची पीसीव्ही लस सरकारी केंद्रात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना फुकट मिळते, कार्डावर झालीय का बघा. आणि दुखणं थांबल्यावरही कानात पाणी राहू शकतं, मूल टीव्ही मोठा करत असेल, हाक मारली तर लक्ष देत नसेल आणि हे तीन महिने चाललं तर कानाच्या डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या.