उतारावरचा नेम: अंतर कशाने ठरवायचं?

रायफलने चढावर मारा किंवा उतारावर, स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) सपाट जमिनीच्या हिशेबाने लावला असेल तर गोळी लक्ष्याच्या वर लागते. उतारावर ती खाली जाईल असं अनेकांना वाटतं. पण गुरुत्वाकर्षणाचा नेमरेषेला काटकोनात ओढणारा भाग दोन्हीकडे सारखाच कमी होतो. त्यामुळे दोन गोष्टी काढाव्या लागतात: तिरकं अंतर, म्हणजे नेमरेषेवरचं थेट अंतर, आणि नेमरेषेच्या आडव्या पातळीशी होणाऱ्या कोनामुळे करावी लागणारी घट.

नुसत्या डोळ्यांवर मी विसंबणार नाही. मधली घळ नजरेआड असली की पलीकडचं लक्ष्य जवळ वाटतं, उंचावरून खाली पाहतानाही तसंच. शिवाय उतार असतो त्यापेक्षा तीव्र भासतो.

रेटिकलने, म्हणजे स्कोपमधल्या खुणांच्या जाळीने, मोजणं त्यापेक्षा खूपच भरवशाचं, पण लक्ष्याचं माप माहीत हवं. या खुणा मिलमध्ये असतात; एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. 50 सेंमीची पाटी 1.25 मिल भरली तर अंतर 400 मीटर. इथे एक खोच आहे. उभी पाटी 30 अंशांच्या कोनातून पाहिली की तिची उंची आखडते. तीच पाटी साधारण 1.08 मिल भरते आणि उत्तर 460 मीटरच्या पुढे जातं. डोंगरात नेहमी रुंदी मोजा, ती आखडत नाही.

लेझर रेंजफाइंडर वेगवान आणि अचूक आहे, फक्त किरण लक्ष्यावरच पडला पाहिजे. उतारावर तो पुढच्या गवतावर किंवा मागच्या कड्यावर सहज पडतो, म्हणून दोन-तीनदा मोजून आकडा जुळतो का पाहावं. काही यंत्रं कोन धरून सुधारलेलं अंतर देतात. ते सोयीचं आहे, पण पडद्यावरचा आकडा तिरका की सुधारलेला हे आधी नीट बघा. सुधारलेल्या अंतराला पुन्हा कोसाइनने गुणलं की गोळी खाली लागते.

आता घट. सोपा नियम असा: तिरकं अंतर गुणिले कोनाचा कोसाइन, आणि त्या आडव्या अंतराची सेटिंग, म्हणजे त्या अंतरासाठी नेम किती वर घ्यायचा तो आकडा, स्कोपवर लावायची. 10 अंशांना कोसाइन 0.985, म्हणजे फरक सोडून द्यावा इतका. 30 अंशांना 0.866, म्हणून 400 मीटर तिरकं असेल तर 346 ची सेटिंग. मध्यम पल्ल्याला हे पुरेसं आहे.

लांब पल्ल्याला मात्र हा नियम उघडा पडतो, कारण हवेचा रोध गोळीला पूर्ण तिरक्या वाटेवर सोसावा लागतो. दुसरी पद्धत अंतराऐवजी सेटिंगलाच कोसाइनने गुणते. समजा तुमच्या अंतर-सेटिंगच्या तक्त्यात 600 मीटरला 4.8 मिल आणि 520 ला 3.8 मिल आहे. कोन 30 अंश. पहिली पद्धत 3.8 सांगते, दुसरी सुमारे 4.16. त्या पल्ल्यावर हा फरक 20 सेंमीहून जास्त पडतो. पहिलीने गोळी थोडी खाली जाते. दुसरीने थोडी वर, कारण स्कोपवरचा आकडा 100 मीटरच्या झिरोपासून (ज्या सेटिंगला गोळी त्या अंतरावर नेमक्या नेमावर लागते) मोजलेला असतो, तर कोसाइन लागू होतो नळीच्या रेषेपासूनच्या एकूण घसरणीला. खरं उत्तर साधारण मधे येतं.

म्हणून 400 मीटरच्या आत आणि 30 अंशांपर्यंत सोपा नियम आणि हातातला कोसाइनचा तक्ता मला पुरेसा वाटतो. त्यापलीकडे मारणार असाल तर तिरकं अंतर आणि कोन दोन्ही दाखवणारा रेंजफाइंडर घ्या आणि हिशेब बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरवर, म्हणजे गोळीची वाट मोजून सेटिंग सांगणाऱ्या अ‍ॅपवर किंवा यंत्रावर, सोडा. त्याला तिरकं अंतर आणि कोन वेगवेगळे द्यायचे, सुधारलेला आकडा नाही.