गन व्हायोलन्स आर्काइव्ह: वापरा, पण आधी त्यांची व्याख्या वाचा

अमेरिकेत कुठे मोठा गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एक वाक्य हमखास येतं, की या वर्षातलं हे इतकावं मास शूटिंग. हा आकडा बऱ्याचदा एकाच ठिकाणाहून उचललेला असतो, गन व्हायोलन्स आर्काइव्ह नावाच्या वेबसाइटवरून. सीएनएनसारखी चॅनेल्स वापरतात, गन कंट्रोलवाले, म्हणजे बंदुकांवर कडक कायदे मागणारे, वापरतात आणि गन राइट्सवाले, म्हणजे बंदूक बाळगण्याच्या हक्काच्या बाजूचे, तोच आकडा खोडून काढायला वापरतात. मी ही साइट बरीच वापरली आहे, कारण माझी मुलगी इथे अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत जाते, तिथे लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे बंदूकधारी शिरला तर काय करायचं याचा सराव, होतात, आणि मला चॅनेलवरच्या आरडाओरड्यापेक्षा नेमकं काय घडतंय ते स्वतः बघायचं होतं. म्हणून एखाद्या सर्व्हिसचा रिव्ह्यू लिहावा तसा याचा लिहितोय. फुकट आहे, लॉगिन न करता बघता येते, कुणीही उघडू शकतं.

आधी ही साइट का लागते ते सांगतो, कारण अनेकांना वाटतं की हे आकडे सरकार देत असेल. सरकार देतं, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्यात. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे आकडे डेथ सर्टिफिकेटवरून येतात, त्यामुळे पक्का आकडा हातात येईपर्यंत पुढचं वर्ष बरंच संपलेलं असतं. एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे आकडे पोलिस खात्यांनी पाठवले तर येतात, आणि २०२१ मध्ये त्यांनी सिस्टिम बदलली तेव्हा न्यूयॉर्क आणि लॉस एंजलिससारख्या शहरांचा डेटाच राष्ट्रीय आकड्यात नव्हता. त्यात १९९६ ची डिकी अमेंडमेंट, म्हणजे काँग्रेसने, अमेरिकेच्या संसदेने, खर्चाच्या कायद्यात घातलेली एक अट. सीडीसीचा पैसा गन कंट्रोलच्या प्रचारासाठी वापरायचा नाही असं त्यात लिहिलेलं, आणि बरोबरीने बजेटमधून २६ लाख डॉलर कापले, तेवढेच जेवढे आदल्या वर्षी बंदुकांच्या रिसर्चवर गेले होते. रिसर्चवर बंदी असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण घाबरून सगळ्यांनी हात काढून घेतले आणि वीसेक वर्षं या विषयावर सरकारी पैसा जवळपास बंद राहिला. २०१९ च्या शेवटी काँग्रेसने पुन्हा अडीच कोटी डॉलर मंजूर केले तेव्हा कुठे गाडी हलली. माझ्या मते या सगळ्या वादातली ही सगळ्यात मोठी चूक, कारण तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, मोजायचंच नाही हे धोरण कसं काय असू शकतं.

सँडी हूक शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर स्लेट या ऑनलाइन मासिकाने रोजच्या गन डेथ्सची यादी ठेवायला सुरुवात केली, आणि २०१३ मध्ये त्याच धाग्यावरून ही साइट उभी राहिली. चालवणारे मार्क ब्रायंट केंटकीचे, स्वतः बंदुका बाळगणारे. हे मुद्दाम सांगतोय कारण ही बंदूकविरोधी लोकांची साइट आहे असं बरेच जण न बघता ठरवून टाकतात. त्यांची माणसं पोलिसांचे रिपोर्ट, लोकल पेपर, लोकल चॅनेल्स अशा हजारो सोर्समधून रोज घटना गोळा करतात, आणि प्रत्येक घटनेला तारीख, जागा, मेलेले, जखमी आणि मूळ बातमीची लिंक असते. ती लिंक म्हणजे या साइटची खरी ताकद आहे. तुम्हाला त्यांच्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही, क्लिक करा आणि बातमी स्वतः वाचा.

आता मुख्य गोष्ट, व्याख्या. इथे मास शूटिंग म्हणजे हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त लोकांना गोळी लागली, मेले किंवा जखमी झाले, बस. कारण काय, जागा कुठली, गँगचं भांडण होतं का घरगुती, काही बघितलं जात नाही. या व्याख्येने २०२३ मध्ये साडेसहाशेपेक्षा जास्त घटना होतात. मदर जोन्स मासिकाचा १९८२ पासूनचा डेटाबेस आहे, त्यांना सार्वजनिक जागा लागते, तीन किंवा जास्त मृत लागतात, आणि गँगचे किंवा दरोड्याचे प्रकार ते धरत नाहीत, त्यांच्याकडे त्याच वर्षी जेमतेम डझनभर. एफबीआय ॲक्टिव्ह शूटर मोजतं, म्हणजे लोकांनी भरलेल्या जागी माणसं मारत सुटलेला बंदूकधारी, त्यांचा २०२३ चा आकडा ४८. एकच देश आणि एकच वर्ष, तरी तीन आकडे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. टीव्हीवरच्या डिबेटमध्ये एकजण साडेसहाशे म्हणतो, दुसरा म्हणतो खोटं, बाराच, आणि अँकर कुठली व्याख्या हे कुणालाच विचारत नाही, याचा मला खरंच संताप येतो, कारण एवढं विचारायला दहा सेकंद लागतात.

उदाहरणांनी बघा म्हणजे कळेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेन राज्यात लुइस्टनला बोलिंग ॲली आणि बारमध्ये १८ जण मारले गेले, ही घटना तिन्ही याद्यांत आहे. त्याच वर्षी जानेवारीत युटामधल्या ईनॉकला एका माणसाने बायको, सासू आणि स्वतःच्या पाच मुलांना मारून स्वतःला संपवलं. सात जीव गेले, आर्काइव्हमध्ये ती मास शूटिंग आहे, पण घराच्या आत झालं म्हणून मदर जोन्सच्या व्याख्येत बसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅन्सस सिटीला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, जिंकल्याच्या मिरवणुकीत भांडणातून गोळीबार झाला, एक बाई गेली आणि वीसहून जास्त लोकांना गोळ्या लागल्या, त्यात कितीतरी लहान मुलं. अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलं, आर्काइव्हमध्ये ती आहे, पण मृतांवर मोजणाऱ्या यादीत येणार नाही कारण मृत्यू एक. मला तरी वाटतं की पोटात गोळी लागून वाचलेल्या मुलाला मोजलंच पाहिजे, त्याचं पुढचं आयुष्य बदललेलंच असतं, म्हणून ढोबळ असली तरी आर्काइव्हची व्याख्या मला जास्त पटते. फक्त ती ऐकून माणसाच्या डोळ्यासमोर लुइस्टनसारखं चित्र येतं आणि यादीत तसल्या घटना फार थोड्या असतात, हे बोलणाऱ्याने सांगायला हवं.

यादीत खरं काय असतं ते बघायचं तर कुठलाही एक महिना उघडा आणि ओळीने वाचत जा. वाढदिवसाची पार्टी, क्लबबाहेरची बाचाबाची, चौकात गाडीतून झाडलेल्या गोळ्या, शिकागो, फिलाडेल्फिया, मेंफिस. यातल्या बहुतेकांची बातमी त्या शहराबाहेर गेलेलीच नसते. एप्रिल २०२३ मध्ये अलाबामातल्या डेडव्हिलला सोळाव्या वाढदिवसाच्या पार्टीत चार पोरं मेली आणि ३२ जखमी झाले, ते निदान देशभर गाजलं, पण दोन मृत आणि तीन जखमी अशा ओळी एकामागून एक येतात आणि त्या गावांची नावंसुद्धा आपण कधी ऐकलेली नसतात. त्यातले बरेच जण काळ्या वस्तीतले तरुण. हे सगळं गँगचं आहे म्हणून धरायचं नाही असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की पाच-दहा लिंक उघडून वाचा आणि मग बोला, कारण त्यात उभी राहून बघणारी माणसं, लहान मुलं, खिडकीतून गोळी आत आलेली आजी, असलेही लोक असतात.

बंदुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही इथे बरंच मिळतं, हे त्यांच्यातल्याच अनेकांना माहीत नसतं. स्वसंरक्षणासाठी बंदूक वापरली अशा घटनांची वेगळी नोंद आहे. जुलै २०२२ मध्ये इंडियानात ग्रीनवुडच्या मॉलमध्ये एकाने फूड कोर्टात तिघांना मारलं आणि बावीस वर्षांच्या एका तरुणाने आपल्या पिस्तुलाने त्याला तिथेच थांबवलं. त्या राज्यात परमिटशिवाय बंदूक बाळगायचा कायदा १ जुलैलाच लागू झाला होता, आणि मॉलच्या स्वतःच्या नियमांनी मात्र आत बंदूक न्यायला मनाई होती, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ही एकच घटना आपापल्या परीने वापरली. आर्काइव्हमध्ये स्वसंरक्षणाच्या घटना वर्षाला साधारण हजार ते दोन हजार दिसतात. याउलट १९९५ मध्ये गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी फोनवरच्या सर्व्हेतून वर्षाला पंचवीस लाख हा अंदाज काढला होता, तो आजही भाषणांत ऐकू येतो. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या सर्व्हेतून हजारांच्या घरातला, म्हणजे साठ-सत्तर हजाराच्या आसपासचा आकडा निघतो. आर्काइव्ह फक्त बातमीत किंवा पोलिसांकडे आलेलंच मोजतं, नुसती बंदूक दाखवून चोर पळाला आणि कुणी रिपोर्ट केलं नाही तर ते इथे येणार नाही, म्हणजे त्यांचा आकडा नक्की कमी आहे. पण दोन हजार आणि पंचवीस लाख यातली दरी फक्त न नोंदवलेल्या घटनांनी भरून निघते हे मला पटत नाही.

आता कमी काय ते. सगळ्यात मोठी उणीव आत्महत्या. अमेरिकेत २०२३ मध्ये बंदुकीने ४६,७२८ लोक गेले, त्यातल्या २७,३०० आत्महत्या, म्हणजे निम्म्याहून बरेच जास्त. खून १७,९२७. आर्काइव्हमध्ये आत्महत्या एकेका घटनेने नसतात, कारण पेपर त्या छापत नाहीत आणि पोलिसही जाहीर करत नाहीत, म्हणून तो आकडा सीडीसीकडून एकगठ्ठा घेतात. यात त्यांचा दोष नाही, पण नकाशावर ठिपके बघणाऱ्याला वाटतं की बंदुकीचा प्रश्न म्हणजे शहरातला गोळीबार, आणि वायोमिंग किंवा मोंटानासारखी राज्यं रिकामी रिकामी दिसतात, जिथे बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण देशात सगळ्यात वरच्या राज्यांत आहे. मीडियाचंही अगदी असंच होतं. २७ हजार माणसं एकेकटी घरात जातात त्यावर प्राइम टाइमला डिबेट होत नाही.

दुसरं, कुठली बंदूक वापरली हे बऱ्याच घटनांत कळतच नाही, कारण बातमीतच नसतं. त्यामुळे एआर-१५ या लष्करी धाटणीच्या रायफलवर बंदी आणावी का, तसल्या बंदुकांवरची १९९४ ते २००४ ची बंदी कामाची होती का, या वादात ही साइट फारशी मदत करत नाही. ज्या खुनांत शस्त्र कळतं त्यात बहुतेक वेळा हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, असते हे एफबीआयच्या आकड्यांतून दिसतं, पण आर्काइव्हमधून तुम्ही ते ठामपणे काढू शकणार नाही. तिसरं, ताज्या घटनांचे आकडे बदलतात, आज चार जखमी लिहिलंय ते पुढच्या आठवड्यात तीन किंवा पाच होऊ शकतं, त्यामुळे काल झालेल्या गोष्टीवर स्क्रीनशॉट टाकून भांडू नका. आणि डेटा डाउनलोड करता येतो पण एका वेळी ठराविक ओळीच, मोठं ॲनालिसिस करायचं तर तुकडे करावे लागतात.

शाळांबद्दल वेगळं सांगतो कारण आईबापांना तेच आधी बघायचं असतं. पार्कलँडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ ला १७ जण मारले गेले, तेव्हा एव्हरीटाउन या गन कंट्रोलच्या संघटनेचा आकडा सगळीकडे फिरला की वर्षाच्या सुरुवातीपासून हे अठरावं स्कूल शूटिंग. वॉशिंग्टन पोस्टने तपासलं तर त्यात बंद पडलेल्या शाळेच्या पार्किंगमधली एक आत्महत्या होती, कुणालाच न लागलेल्या गोळ्या होत्या. मी स्वतः गन कंट्रोलच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच मला हे जास्त लागतं. सतरा मेलेल्यांच्या दिवशी आकडा फुगवायची काही गरज नव्हती, आणि त्या एका आकड्यामुळे समोरच्याला बाकीचं काहीच न ऐकायला कारण मिळालं. शाळेबद्दल कुठलाही आकडा दिसला तर आधी घटनांची यादी मागा, आणि यादी नसेल तर तो आकडा पुढे पाठवू नका.

कुठला कायदा केल्याने काय फरक पडतो, हे आर्काइव्ह सांगत नाही, तसा त्यांचा दावाही नाही. ते हवं असेल तर रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेचं गन पॉलिसीवरचं काम बघा, ते सगळे अभ्यास चाळून पुरावा किती भक्कम आहे ते लिहितात. घरातली बंदूक मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवायला लावणारे कायदे असतील तर तरुणांच्या आत्महत्या आणि अपघात कमी होतात, याला तिथे चांगला पुरावा दाखवलाय. स्टँड युवर ग्राउंड, म्हणजे धोका वाटला तर मागे न हटता जागेवरच जीवघेणा प्रतिकार करायची मुभा देणाऱ्या कायद्यांनी बंदुकीचे खून वाढतात, यालाही. बाकी कितीतरी मुद्द्यांवर पुरावा अपुरा असं स्पष्ट लिहिलंय, आणि ते वाचताना बरं वाटतं, कारण दोन्ही पक्षांचे नेते मात्र सगळं ठाऊक असल्यासारखे बोलत असतात.

घटना शोधायला आणि बातमी तपासायला आर्काइव्हला माझे पाचपैकी साडेचार. कायद्यावर वाद घालायला अडीच, तेही सीडीसी आणि रँड बाजूच्या टॅबमध्ये उघडे असतील तर. मला त्यांच्याकडून एकच बदल हवाय, पहिल्या पानावर मास शूटिंगच्या आकड्याला लागूनच बटण द्या, चार जखमी धरून किती, चार मृत धरून किती, सार्वजनिक जागी किती. डेटा त्यांच्याकडे आधीच आहे, आणि ते झालं तर निदान चॅनेलवाल्यांना व्याख्या माहीत नव्हती म्हणायची सोय उरणार नाही.