सीबीनॅट मशीन : १४ महिने वापरल्यावर

सीबीनॅट म्हणजे बेडक्यात टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारं मशीन. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, तेही ते सांगतं. त्याचं तिसरं मॉड्यूल, म्हणजे एका वेळी एक नमुना तपासणारा कप्पा, काल परत सुरू झालं, म्हणून आज लिहायला बसले. बावीस दिवस चारपैकी तीनच चालत होती. पार्ट बाहेरून येणार, एवढंच उत्तर रोज फोनवर मिळायचं. दिवसाला सोळा नमुने लागायचे ते बारावर आले आणि उरलेले फ्रीजमध्ये उद्याची वाट बघत बसले. मी हडपसरकडच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. आता थेट मुद्द्यावर येते.

माझं भांडण एररशी आहे. निगेटिव्ह आलं तरी ते उत्तर असतं. एरर आला की हातात काहीच नाही, कार्ट्रिज मात्र गेलं, म्हणजे नमुना ओतायची, एकदाच वापरता येणारी डबी. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्यासारख्या देशांसाठीचा कार्ट्रिजचा दर ९.९८ डॉलरवरून ७.९७ वर आला, तरी एका एररमागे साडेसहाशेच्या वर रुपये कचऱ्यात जातात. माझ्याच्याने ते बघवत नाही.

त्याहून जीव तुटतो तो नमुन्यासाठी. एक मिली बेडका, त्यात दुप्पट रिएजंट (बेडका पातळ करणारं द्रव), झाले तीन मिली. दोन मिली कार्ट्रिजमध्ये ओतले की एक मिली उरतो आणि तेवढ्यात दुसरी टेस्ट होत नाही. मग पेशंटला परत बोलवा. मांजरीचे एक आजोबा दोन बस बदलून आले आणि म्हणाले, "मॅडम, कालच दिला की बेडका. रोज रोज कुठनं आणू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिले चार महिने मी सगळा दोष मशीनलाच देत होते. मग वहीत प्रत्येक एररपुढे नमुना कसा होता ते लिहायला लागले आणि मत बदलावं लागलं. बहुतेक ठिकाणी एक तर घट्ट बेडका, नाहीतर त्यात अन्नाचे कण. काही वेळा ओपीडीच्या गर्दीत मीच रिएजंट मुरायची पंधरा मिनिटं पूर्ण होऊ दिली नव्हती. गुठळी आत अडकते, दाब वाढतो आणि २००८ नंबरचा एरर येतो. आता आधी चूळ भरायला लावते. रिएजंट घातल्यावर दहा-वीस वेळा जोरात हलवते, आठव्या मिनिटाला परत हलवते, नमुन्याची नळी (फाल्कन ट्यूब) उजेडात धरून तार सुटते का बघते आणि मगच ओतते. शक्यतो तीन-चार मिली नमुना मागते, म्हणजे दुसऱ्यांदा लावायला उरतो. आठवड्याला दोन-तीन एरर यायचे, ते आता महिन्याला तेवढे येतात.

उरलेले मात्र आमच्या हातात नाहीत. मशीनला १५ ते ३० अंश लागतात, कार्ट्रिज २८ च्या आत ठेवायची, आणि एप्रिलात पुण्यात पारा चाळिशीला जातो. एसी मशीनसाठी आहे, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. दुसरा शत्रू गुरुवार, वीजदुरुस्तीचा वार. आमच्या यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्या चाळीस मिनिटं टिकतात, टेस्टला लागतात जवळपास दोन तास. मध्येच बंद पडलं की चारही कार्ट्रिज गेली. गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट हे टीबी तपासायचं दुसरं मशीन बॅटरीवर चालतं, लहान आरोग्य केंद्राला तेच बरं. पण त्यात हाताचं काम जास्त, शिवाय रिफाम्पिसिनसाठी दुसरी चिप लावायची. आमच्या गर्दीला सीबीनॅटच हवं.

एवढं बोलूनही हे मशीन कोणी नेतो म्हटलं तर मी दारात आडवी उभी राहीन. मार्चमध्ये एक कॉलेजची मुलगी आली होती. दोन महिने खोकला, मायक्रोस्कोपखाली दोनदा निगेटिव्ह. तिथे दिसायला मिलीमागे पाच-दहा हजार जंतू लागतात, हे शंभर-दीडशेतही पकडतं. दोन तासांत टीबीही सापडला आणि रिफाम्पिसिनला दाद देत नाही हेही कळलं. कल्चरवर, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या टेस्टवर, थांबलो असतो तर तिचे कित्येक आठवडे चुकीच्या गोळ्यांवर गेले असते. टीबीच्या उपचारांवर देखरेख ठेवणाऱ्या एसटीएसनी त्याच दुपारी तिच्या वडिलांना फोन केला.

एक मात्र लक्षात ठेवा. उपचार चालू असताना किंवा संपल्यावर पेशंट "त्याच मशीनवर परत बघा" म्हणतात. ते करू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्यात पॉझिटिव्ह दिसतो आणि घरचे उगाच हादरतात. त्यासाठी मायक्रोस्कोपच.

बॅटऱ्यांचा अर्ज जूनमध्ये दिलाय, अजून काही हललेलं नाही. तोवर बुधवारी संध्याकाळचे नमुने फ्रीजमध्ये ठेवते आणि गुरुवारी साडेसातला येऊन आठच्या आत चार लावते. वीज जायच्या आधी, दहापर्यंत, ते चार तरी हातात येतात.