पेटी की शिक्का?

नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात, बहुतेक मतदारांना अक्षरओळख नसताना, मत द्यायचं कसं? प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी, किंवा एकाच कागदावर शिक्का: आपल्याकडे दोन्ही उत्तरं वापरून झाली.

१९५१-५२ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती. गोदरेजने विक्रोळीत अशा लाखो पोलादी पेट्या केल्या. पेटीवर चिन्ह. बैलजोडी दिसली की त्या पेटीत कोरी मतपत्रिका सोडायची, झालं. लिहायचं नाही, शिक्का नाही, घडी चुकायची भीती नाही. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण खोट मोठी होती. पेट्या आडोशाला, मतदार एकटा आणि कागदावर खूण नाही. तो पत्रिका खिशात घालून बाहेर आला तर? बाहेर ती कुणी विकत घ्यायची आणि हव्या त्या पेटीत गठ्ठ्याने टाकायची. शिवाय उमेदवार वाढले की पेट्याही वाढणार, त्या वाहून न्यायच्या, सांभाळायच्या.

१९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत शिक्क्याची पद्धत आली. सगळी नावं-चिन्हं एकाच कागदावर, पेटी सगळ्यांसमोर. इथे मतं बाद होतात, शिक्का दोन चौकटींच्या मधोमध पडला की संपलं. तरी नव्या देशाने विचारलं तर मी शिक्काच सुचवेन. बाद मत निदान मोजताना दिसतं, विकलेलं दिसत नाही.