‘४८ अंशांत टोमॅटो’ विकणाऱ्यापासून सावध राहा

‘४८ अंशांतही लगडणारा टोमॅटो’ अशी जाहिरात सध्या मोबाइलवर फिरतेय. त्याच बियाण्यात मी फसले आणि तो माणूस अजूनही गिऱ्हाइकं गाठतोय, म्हणून हे लिहितेय.

मी अकोल्याची. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, गच्ची रात्रीही तापलेली असते. अशा दिवसांत घरचा टोमॅटो मिळणार म्हटल्यावर कुणालाही मोह होईल. दहा बियांचे ३५० रुपये त्याने आधीच ऑनलाइन घेतले. रोपं तरारली, मार्चमध्ये फुलं आली. ‘ताई, फोटो पाठवा ना,’ अशी आपुलकीने चौकशी चालायची. मी पाठवले.

एप्रिलमध्ये गळ सुरू झाली. फुलाच्या देठावर मध्येच एक गाठ असते. तिथे पिवळं पडायचं आणि बोट लागताच फूल हातात यायचं. त्याला सांगितलं तर म्हणाला, ‘बियाणं अस्सल आहे, तुमच्या मातीत ताकद नाही.’ मग फूलगळ थांबवणारं टॉनिक गळ्यात मारलं, ९०० रुपयांचं! खरी कमाई इथे आहे. बियाणं विकायचं ते टॉनिक खपवण्यासाठी.

दिवसा ३५ अंशांच्या आणि रात्री साधारण २४ च्या वर तापमान राहिलं की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत, फळ धरत नाही. काही वाण उष्णता थोडी जास्त सोसतात, हे खरं. पण ४८ अंशांत लगडण्याची बात खोटी. शेडनेटने पानं-फळं करपायची वाचतात, रात्रीचा उकाडा तसाच राहतो. टॉनिकने तर तो मुळीच हटत नाही. बियाण्याच्या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मे महिन्यात त्याची नवी जाहिरात आली. फोटोत माझीच फुललेली झाडं, मागे आमचा निळा कठडा, खाली ओळ: ‘अकोला, ४६ अंश.’ फोटो मार्चचा होता! जाब विचारला तर नंबर ब्लॉक केला. पावसानंतर हवा गार झाली तेव्हा त्याच झाडांना फळं धरली, बाजारात मिळतो तसला साधा टोमॅटो.

पाकिटावर वाणाचं नाव, लॉट नंबर, तपासणीची तारीख आणि उगवणीची टक्केवारी बघा. माझ्या पाकिटावर नुसतं लालभडक चित्र होतं. विदर्भात उन्हाळ्याआधी टोमॅटो हवा असेल तर डिसेंबर-जानेवारीत रोपं लावा, म्हणजे कडक ऊन लागायच्या आत फळ धरतं. मे महिन्यासाठी गवार, भेंडी, चवळी आहेतच.

कुणी फसलं असेल तर पाकीट फेकू नका, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जपा. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० वर, ग्राहक तक्रारीसाठी १९१५ वर फोन करा. तालुका कृषी अधिकाऱ्याकडेही लेखी अर्ज द्या. मी दिलाय.