ऑर्गनॉइड चाचणी समजावून देणारी सेवा : रावेरच्या एका पालकाचा अभिप्राय

आमच्या धाकट्याला सिस्टिक फायब्रोसिस हा जनुकातील दोषामुळे होणारा आजार आहे; त्यात घामातून मीठ जास्त जाते आणि फुप्फुसात चिकट कफ साचतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा त्याच्या सदऱ्यावर पाठीकडे मिठाची पांढरी रेघ उमटते आणि मीठ-साखरेचे पाणी वेळेवर पाजले नाही तर पोर निपचित पडते. त्याच्या जनुकातील दोष विरळ असल्याने कोणते औषध लागू पडेल हे कोणी सांगत नव्हते, म्हणून आम्ही पुण्यातील एका जनुकीय समुपदेशन केंद्रात गेलो.

समुपदेशक बाईंनी घाई केली नाही. रावेरचे आहोत म्हटल्यावर त्यांनी केळीच्या टिश्यूच्या रोपांपासूनच सुरुवात केली. कंदाच्या कोंबाचा बारीकसा तुकडा बाटलीतल्या जेलवर वाढवून रोपे करतात, हे आमच्या शिवारात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच धर्तीवर गुदाशयाच्या आतल्या अस्तराचा कणीएवढा तुकडा घेऊन त्यातील मूळ पेशी जेलच्या थेंबात वाढवतात. मात्र कोंबातून आख्खे झाड उभे राहते, इथे आख्खे आतडे तयार होत नाही, आतड्याच्या अस्तराचे बारीक पोकळ गोळे, म्हणजेच ऑर्गनॉइड, तेवढे होतात, हा फरकही त्यांनी न विसरता सांगितला. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये उंदराच्या आतड्याच्या एकेका मूळ पेशीपासून असे गोळे वाढवून दाखवले होते.

मग त्यांनी पडद्यावर चित्रफीत लावली. फोर्स्कोलिन नावाचे द्रव्य घातल्यावर निरोगी माणसाचे गोळे फुग्यासारखे टम्म होत गेले, कारण सीएफटीआर हे प्रथिन क्षार पेशीतून गोळ्याच्या पोकळीत सोडते आणि त्यामागे पाणीही पोकळीत भरते; या आजारात याच प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. शेजारच्या खान्यातील रुग्णाचे गोळे जागचे हलले नाहीत. त्याच रुग्णाच्या गोळ्यांवर औषध घातल्यावर मात्र तेही हळूहळू फुगले, आणि माझ्या पत्नीने ती फीत तीनदा लावायला सांगितली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीचे मोल आमच्यासारख्यांना जास्त आहे, कारण सीएफटीआर जनुकातील बदलांचे २००० हून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत आणि युरोपात सर्रास आढळणाऱ्या एफ५०८डेल या बदलाचे प्रमाण आपल्याकडे कमी आहे; औषधांच्या चाचण्या ज्या दोषांवर झाल्या त्यांत आपल्या मुलाचा दोष नसला, तरी इथे त्याच्याच पेशींना विचारता येते. या गोळ्यांत फुप्फुसातला चिकट कफ नसतो, जंतुसंसर्ग नसतो, त्यामुळे गोळा फुगला म्हणजे मुलाचा खोकला थांबलाच असे नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

तक्रार एकच, पण ती मोठी आहे. तुकडा त्याच केंद्रात घेतला जाईल असे फोनवर सांगितल्याने आम्ही रात्रीच्या गाडीने मुलाला उपाशीपोटी नेले, आणि तिथे गेल्यावर कळले की ते फक्त सल्ला देतात. नऊ वर्षांच्या पोराला दुपारी बारापर्यंत अन्नाशिवाय बसवून ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. माहितीपत्रकही इंग्रजीत होते. बाईंनी मराठीत लिहून दिलेला एक कागद तेवढा आमच्या कामाचा ठरला.

समजावणीसाठी मी या सेवेला पूर्ण गुण देतो, फोनवरील माहितीसाठी एकही नाही. खान्देशातून जाणाऱ्या पालकांनी जनुक-तपासणीचा मूळ अहवाल सोबत न्यावा, तिथे नेमके काय होणार ते आधी लेखी मागून घ्यावे, आणि प्रवासात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली हाताशी ठेवावी.