तयार राउटर की युनिक्सचा संगणक?

10 गिगाबिटची लाइन येणार आहे आणि एक बरा सर्व्हर रिकामा पडलाय. त्यावर लिनक्स किंवा फ्रीबीएसडी (दोन्ही युनिक्सच्या वळणाच्या प्रणाली) चढवून राउटर, म्हणजे नेटवर्कवरचा डेटा योग्य वाटेने पुढे धाडणारं यंत्र, करावा, की तयार पेटी घ्यावी?

कल्पना वेडगळ नाही. 1988 साली अमेरिकेच्या एनएसएफनेट या संशोधन-नेटवर्कचा 1.5 मेगाबिटचा बॅकबोन (मुख्य कणा) आयबीएमच्या आरटी संगणकांवर, बर्कली युनिक्सवरच चालायचा. तेव्हाही एकट्याचं काम नव्हतं. एका नोडवर (जोडठिकाणी) साधारण नऊ यंत्रं जुंपलेली असत.

आधी गिगाबिट विसरा, पॅकेट (डेटाचे तुकडे) मोजा. 1500 बाइटची पॅकेट असतील तर 10 गिगाबिटवर सेकंदाला जेमतेम 8 लाख. 64 बाइटच्या फ्रेम (इथरनेटवरची सर्वांत लहान पॅकेट) आल्या तर 1 कोटी 48 लाख, म्हणजे एकीच्या वाट्याला 67 नॅनोसेकंद. रॅमपर्यंत एक फेरी मारण्यातच जवळपास तेवढा वेळ जातो. पेटीतली खास चिप हे झोपेतही करते. संगणकाला मात्र धाप लागते. माझ्या पहिल्या प्रयोगात आयपर्फने (वेग मोजणारा प्रोग्राम) पूर्ण वेग दाखवला, मी खूश. मग लहान पॅकेटचा लोंढा आला. टॉप (प्रोसेसरवर कोण किती भार टाकतंय ते दाखवणारा प्रोग्राम) उघडून बघतो तर एका कोरवर केसॉफ्टआयआरक्यूडी, म्हणजे आलेली पॅकेट हाताळणारं लिनक्सचं काम, 100 टक्के, बाकीचे सात निवांत! नेटवर्क कार्डाच्या क्यू (पॅकेटच्या रांगा) सगळ्या कोरवर वाटल्या, कनेक्शन ट्रॅकिंग (प्रत्येक जोडणीची नोंद ठेवणं) बंद केलं, तेव्हा गाडी रुळावर आली. डीपीडीकेने (कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, वगळून पॅकेट थेट प्रोग्रामकडे नेणारी लायब्ररी) आणखी मजल मारता येते, पण ते वेगळंच शिक्षण.

राउट टेबलात, म्हणजे कुठलं पॅकेट कुठे धाडायचं त्या यादीत, मात्र संगणक बाजी मारतो. 12 ऑगस्ट 2014 ला इंटरनेटचं बीजीपी टेबल (नेटवर्कं एकमेकांना कळवतात त्या वाटांची यादी) 5 लाख 12 हजार नोंदींपलीकडे गेलं आणि कित्येक जुन्या राउटरच्या टीकॅममध्ये (वाटा झटपट शोधणारी खास, मर्यादित मेमरी) जागाच उरली नाही. संगणकावर बर्ड किंवा एफआरआर हे राउटिंगचे प्रोग्राम चालवणाऱ्याला त्याचं काय? रॅम भरपूर. शिवाय काही बिनसलं की तिथल्या तिथे टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावता येतो, हे सुख मी तरी सोडणार नाही.

कर्नल अपडेटला रीबूट आलाच, म्हणून संगणक घ्याल तर दोन घ्या, मध्ये व्हीआरआरपी (एक बंद पडला की दुसऱ्याने आपोआप जागा घ्यायची पद्धत).

10 गिगाबिटपर्यंत आणि लिनक्स कोळून प्यायलेली किमान दोन माणसं असतील, तर मी संगणकच घेईन. 100 गिगाबिटचे अनेक पोर्ट, हल्ल्यांची सवय झालेलं नेटवर्क, किंवा रात्री फोन उचलणारे तुम्ही एकटेच असाल, तर पेटी. आणि त्या रिकाम्या सर्व्हरचं कार्ड एकाच क्यूचं निघालं, तर आधी कार्ड बदला, मग ठरवा.